फोडणी पडली की भोंगा

लाल मिरची तेलात पडली रे पडली की आमच्या मुलुंडच्या वन बीएचकेतला स्मोक अलार्म बोंबलायचा. शेवटी आई स्टुलावर चढली आणि त्याचा सेलच काढून टाकला. म्हणजे छताला नुसती शोभेची थाळी.

खाली उतरवून मागचं लेबल वाचलं. आयनायझेशन प्रकारचा (आतल्या किंचित किरणोत्सर्गी पदार्थाच्या मदतीने धूर ओळखणारा), २०१२ चा. हे अलार्म १० वर्षांनी बदलायचे असतात, म्हणजे आमचा केव्हाच रिटायर व्हायला हवा होता! त्यात हा प्रकार स्वयंपाकाच्या बारीक धुरानेही पटकन भडकतो. नवा फोटोइलेक्ट्रिक घेतला. त्यात आत प्रकाशाचा झोत असतो. धुराच्या कणांनी तो विखुरला आणि सेन्सरवर पडला की भोंगा. गादी, सोफा धुमसायला लागले तर हा लवकर ओळखतो.

जागाही बदलली. आता बेडरूमच्या दाराबाहेर, छतावर, गॅसपासून दहा फूट लांब. पंख्याजवळ मुद्दाम नाही लावला, वाऱ्याने धूर पांगतो.

तरी पावसाळ्यात एकदा रात्री दोनला वाजलाच. सगळं घर हुंगून पाहिलं, कुठे काही नाही. जाळीत चिलट अडकलं होतं! तेव्हापासून व्हॅक्यूमचा मऊ ब्रश अधूनमधून फिरवतो. मिनिटामिनिटाला नुसतं ‘टुक’ वाजलं तर तो सेल संपत आल्याचा इशारा.

दर एक तारखेला आई झाडूच्या दांड्याने टेस्टचं बटण दाबते. शेजारच्या काकू पहिल्यांदा धावत आल्या होत्या, आता तिकडूनच ओरडतात, “वाजला गं!”