काळी एकमध्ये लावलेली गिटार: 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' कसं वाजवावं

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा १९७१ सालचा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' हा अल्बम हातात घेतला की बहुतेक जण 'स्वीट लीफ' आणि 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' वाजवून थांबतात. 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' मागे राहतं. बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमीचा ढिल्या तारांचा आवाज शिकायला मात्र हे गाणं फार सोयीचं आहे: लय मध्यम, रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) भक्कम आणि गिटारच्या मध्ये येणारे कीबोर्ड नाहीत. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर त्याच्या आरंभाच्या तुकड्याला 'स्टेप अप' असं वेगळं नावही दिलेलं होतं.

आयोमी डावखुरा, म्हणजे पडद्यांवर त्याचा उजवा हात. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, याच हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि बारीक तारा लावल्या. या अल्बमच्या तीन गाण्यांत तारा दीड सूर (तीन सेमीटोन) खाली आल्या, त्यांतलं हे एक. ढिली तार दाबायला आणि ओढायला सोपी जाते, हे त्यामागचं साधं कारण. बॅसवरचा गीझर बटलरही सोबत खाली उतरला.

सूर. जाड तारेकडून बारीक तारेकडे: सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. पेटीवाल्यांच्या भाषेत काळी एक, काळी तीन, पांढरी सात, पांढरी तीन, काळी चार, काळी एक. जाड तार ८२.४ हर्ट्झवरून ६९.३ वर येते. ट्यूनर क्रोमॅटिकच (बाराही सूर दाखवणारा) हवा. तार आधी थोडी जास्त खाली नेऊन मग वर चढवत सुरात आणा, नाहीतर खुंटीतला ढिलेपणा दोन मिनिटांत सूर पाडतो.

तारा. तीच तार तीन सेमीटोन उतरवली की ताण सुमारे २९ टक्के घटतो. ९-४२ चा संच (आकडे म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) मग लोंबकळतो, आणि जाड तार जोरात छेडली की सूर क्षणभर वर उडून खाली येतो. नेहमीच्या १०-४६ च्या जवळपास ताण हवा असेल तर ११-५४ लावा. आयोमीसारखं बारीक तारांवरच वाजवायचं असेल तर बोट अगदी हलकं ठेवावं लागतं. नवशिक्याने आधी जाड संचावर हात बसवावा, असं आमचं मत.

नट (गिटारच्या डोक्यापाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) आणि नेक (गिटारची मान). बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. ४६ च्या तारेसाठी कापलेल्या खाचेत ५४ ची तार नीट बसत नाही. ती वर अडकून राहते आणि खुंटी फिरवताना 'टिंग' असा आवाज येतो. खाच बारीक कानशीने फक्त रुंद करा, खोल नको. पेन्सिलीचं शिसं घासलं की तार सरकते. जुनाच संच ठेवून सूर उतरवले असतील तर ताण घटल्याने नेक मागे झुकते आणि पहिल्या चार-पाच पडद्यांवर तारा खरखरतात. तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा सैल करा, एक दिवस थांबा, मग पुन्हा तपासा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरल्यावर सातव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत ०.२ ते ०.२५ मिमी फट दिसली की पुरे. (पावसाळ्यात कोकणात हे माप आपोआप बदलतं, तेव्हा पुन्हा बघावं लागतं.)

ब्रिज. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) मागे न्या, उतरा असेल तर पुढे. तरंगता ब्रिज असलेल्या गिटारवर ताण घटताच ब्रिज मागे खाली बसतो. मागच्या स्प्रिंगा सैल कराव्या लागतात किंवा एक काढावी लागते. आयोमीच्या एसजी गिटारसारखा स्थिर ब्रिज असेल तर ही कटकट नाही.

ॲम्प. खालच्या सुराला जडपणा आपोआप असतो, म्हणून गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) आणि बेस (खालचे सूर) वाढवण्याचा मोह आवरा. दोन्ही वाढले की रिफचा नुसता चिखल होतो. बेस ४, मिड ७, ट्रेबल ६, गेन ५ पासून सुरुवात करा. आयोमी लेनी ॲम्पपुढे रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उठवणारी डबी) वापरायचा. तो नसेल तर ओव्हरड्राइव्ह पेडलचं ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवा. खराखुरा जर्मेनियम बूस्टर असेल तर गिटारनंतर थेट तोच जोडा. मध्ये बफर (सिग्नल टिकवणारं सर्किट, अनेक पेडलांत असतं) आला की त्याचा आवाज कर्कश होतो.

हात. मूळ रेकॉर्डिंग पाऊण वेगावर लावा आणि आधी फक्त पायाने ठेका धरा. या गाण्यात झोका आहे. सरळ आठाच्या मात्रांत वाजवलं की रिफ मेल्यासारखा वाटतो. कॉर्ड पूर्ण न धरता दोनच तारांचे पॉवर कॉर्ड घ्या, आणि नको त्या तारा तळहाताच्या कडेने व पहिल्या बोटाच्या पोटाने बंद ठेवा. ढिली तार जरा जोरात दाबली तरी पाव सूर चढते, त्यामुळे बोट पडद्याच्या अगदी जवळ टेकवा.

११-५४ चा संच तसाच ठेवून गिटार पुन्हा नेहमीच्या ई मध्ये चढवू नका. ताण सुमारे ४१ टक्के वाढतो, नेक पुढे वाकते आणि तरंगता ब्रिज उपटल्यासारखा वर येतो. आधी तारा बदला, मग सूर.