शेअरपॉइंटची लायब्ररी कोणाकोणाला उघडते?
सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानाने हळदीच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन फाइल-साठ्यात ठेवल्या, की त्या कोणाला दिसतात हे अधूनमधून पाहावंच. लायब्ररी, म्हणजे फाइली ठेवलेला तिथला कप्पा, उघडून वरच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा. 'लायब्ररी सेटिंग्ज', मग 'मोअर लायब्ररी सेटिंग्ज'. लायब्ररीचं नाव, वेब पत्ता तिथेच. 'परमिशन्स फॉर धिस डॉक्युमेंट लायब्ररी'त शिरा आणि 'चेक परमिशन्स'मध्ये दिवाणजींचं नाव टाका: हक्क कोणता आणि कोणत्या ग्रुपमुळे मिळाला, दोन्ही कळतं. नुसत्या ग्रुपच्या यादीवर मात्र विसंबू नका. एखादी फाइल नव्या माणसाला शेअर केली, की तिचे हक्क लायब्ररीपासून तुटतात, म्हणजे वेगळे होतात. पानाच्या वर तशी सूचना दिसली, तर 'शो धीज आयटम्स' दाबून त्या फाइली एकेक करून बघाच. बाहेर गेलेल्या पट्ट्या बहुधा तिथेच सापडतात.