शाळेचं ग्रंथालय: ‘मुलं वाचत नाहीत’ म्हणण्याआधी या चुका टाळा

शाळेच्या ग्रंथालयाचा नवा चार्ज घेतलेल्या शिक्षकांचा फोन साधारण ऑगस्टमध्ये येतो. "मॅडम, सगळं करून पाहिलं, पोरं वाचतच नाहीत." मी विचारते, पुस्तकं कुठं ठेवलीत? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर, "ऑफिसात. आलमारीत." पुढचं बोलणं मला पाठ आहे.

आपल्याकडच्या खेड्यांत, यवतमाळ घ्या नाहीतर गडचिरोली, जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांना ग्रंथपाल नसतो. मराठी शिकवणाऱ्याच्या किंवा सगळ्यात ज्युनिअर शिक्षकाच्या गळ्यात किल्ली पडते. पोषण आहार, यूडायस (सरकारला द्यायची शाळेची माहिती), शिष्यवृत्ती यांच्या रजिस्टरांत आणखी एक रजिस्टर. त्यामुळे कुणावर राग नाही. पण त्याच त्या चुका दरवर्षी नव्या उत्साहानं होताना पाहून कंटाळा आला आहे, म्हणून हे लिहिते.

पुस्तक हरवेल म्हणून कुलूप

ही सगळ्यात जुनी चूक. बाकीच्या निम्म्या हिच्यातूनच निघतात.

यवतमाळच्या झरी-जामणी भागातली एक शाळा. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे भिंतीतली आलमारी, लाकडी दारं, जाड पितळी कुलूप. दाखल नोंदवही मात्र बघत राहावी अशी: क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, लाल शाईनं आखलेला समास. हरवलेली पुस्तकं शून्य, फाटलेली शून्य. सर अभिमानानं सांगत होते, माझ्या काळात एक पुस्तक इकडचं तिकडं झालं नाही. साहेबांची भेट ठरली होती, म्हणून पुस्तकं मांडायला मी मदतीला गेले होते. किल्ली सापडेपर्यंत खिचडीची सुट्टी झाली. दार उघडलं तर समोरून सगळं ठाकठीक, कणे एका ओळीत उभे. त्यातलं एक ओढलं आणि हातात फक्त कणा आला. मागे माती. वाळवी भिंतीतून शिरली होती आणि खालच्या कप्प्यापासून वरपर्यंत पोचली होती. काही संच अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच होते, तेही तिनं सोडले नव्हते. माझ्या मागून सहावीतली एक पोरगी डोकावली. म्हणाली, "मॅडम, आपल्या शाळेत इतले पुस्तकं होते काय जी?" पहिलीपासून ती त्याच शाळेत होती.

नोंदवहीत मात्र सगळी पुस्तकं हजर. चार पुस्तकं हरवली तर पंचनामा करावा लागेल, निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकं नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवावा लागेल, या धास्तीपायी कुलूप लावलं होतं. शेवटी तोच पंचनामा आणि तोच प्रस्ताव अख्ख्या आलमारीचा करावा लागला.

ही धास्ती खरी असते, मी तिला हसत नाही. पण नियम आपण समजतो तेवढे आंधळे नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी सरळ लिहिलं आहे की वर्षभरात दिलेल्या-वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवणं वाजवी धरावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांपेक्षा महागडं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करावीच लागते. आपल्या शाळेत हजार रुपयांचं बालपुस्तक कुठं आहे? हा नियम जिल्हा परिषदेला थेट लागू नाही, पण हरवणं वापरात धरलेलंच असतं एवढं तरी मुख्याध्यापकांना दाखवता येतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी असतात. तो समजावताना त्यांनी युरोपात पूर्वी पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत त्याचा दाखला दिला आहे. आपण साखळीऐवजी कुलूप आणलं, एवढाच फरक.

माझी सवय अशी. वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या छातीएवढ्या उंचीला सुतळी ताणायची, पातळ पुस्तकं तिच्यावर अडकवायची, जाड पुस्तकं खाली खोक्यात ठेवायची. मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे, कारण नुसता कणा पाहून पुस्तक उचलणारं मूल अजून तयार व्हायचं असतं. देवघेवीची वही सहावीच्या दोघांकडे. सातवीच्या नको, ते पुढच्या वर्षी शाळेतच नसतात. वहीत चारच रकाने: नाव, पुस्तक, नेलं, आणलं. मी महिन्यातून एकदा ती चाळते. एप्रिलमध्ये मोजणी करायची, फाटलेल्या-हरवलेल्यांची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचायची, इतिवृत्तात घ्यायची आणि त्याच वर्षी निर्लेखनाला पाठवायची. दरवर्षी थोडं थोडं गेलं की कुणी भुवया उंचावत नाही. वर्षानुवर्षं शून्य लिहिणाऱ्यांना बदलीच्या वेळी चार्ज देताना घाम फुटतो.

आणि दंड लावू नका. मजुरीवर चालणाऱ्या घरातलं मूल पुस्तक हरवलं की दंडाच्या भीतीनं आधी पुस्तकं नेणं बंद करतं, मग शाळेत यायलाही टाळतं.

‘सारांश लिहून आण’

मूल पुस्तक परत आणतं आणि आपण लगेच हिशेब मागतो. तात्पर्य काय, लेखक कोण, तू काय शिकलास? रात्री सिनेमा पाहून आलेल्या नवऱ्याला सकाळी कुणी दहा ओळी लिहायला लावते का?

त्याहून वाईट म्हणजे आकड्यांची स्पर्धा. एका शाळेत ‘वर्षात सर्वाधिक पुस्तकं वाचणारा विद्यार्थी’ असं बक्षीस ठेवलं, प्रत्येक पुस्तकाचा सारांश सक्तीचा. पहिल्या आलेल्या मुलानं सगळी पातळ पुस्तकं निवडली होती. सारांश म्हणून मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर उतरवला होता, एकात तर शेवटी ‘किंमत ३५ रुपये’ असंही लिहिलेलं. परीक्षकांनी त्यावर बरोबरची खूण केली होती! त्याच वर्गात एक मुलगी पेरणीच्या दिवसांपासून सापांवरचं एक जाडजूड पुस्तक वाचत होती. हळू वाचायची, परत मागे जायची. मण्यार कशी ओळखायची, धामण का मारू नये हे ती खिचडीच्या रांगेत पोरांना सांगायची. घरी बापालाही ऐकवायची, असं तो स्वतःच मला बाजारात म्हणाला. स्पर्धेत तिच्या नावापुढे आकडा लागला तो फक्त ‘एक’. बक्षीस समारंभानंतर ती पुस्तक घेऊन आली, अर्धं वाचायचं राहिलं होतं. म्हणाली, "मॅडम, आता बारीकवालं द्या."

म्हणून मी लेखी काही मागत नाही. फार तर म्हणते, "आवडलेलं एक पान दाखव." दाखवलं तर ठीक, नाही दाखवलं तरी ठीक. पुस्तक अर्धवट सोडून आणलं तरी बदलून द्यायचं, का सोडलंस असं विचारायचं नाही. मोठी माणसंही पुस्तकं अर्धवट सोडतात आणि त्यांना कुणी नोटीस देत नाही. मुलं खरंच वाचतात का हे कसं कळेल, असं नवे शिक्षक विचारतात. पुस्तकाचे कोपरे पाहून कळतं. एकाच पुस्तकासाठी भांडणं लागली की कळतं.

१५ ऑक्टोबरचं वाचन

डॉ. कलामांच्या जन्मदिवशी २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन होतो. दिवस चांगलाच आहे. पण त्या आठवड्यात आपल्याकडे सोयाबीन निघत असतं आणि मोठी पोरं शेतात असतात. जी येतात त्यांना ओळीत बसवून फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि पुस्तकं परत आत. फोटो काढा, वरून मागतात तर द्या. फक्त त्या दिवशी काढलेली पुस्तकं आत ठेवू नका.

मोठ्यानं वाचून दाखवणं ‘लहान मुलांसाठी’ समजणं

परिपाठानंतर दहा मिनिटं मी सातवीलाही वाचून दाखवते. ऐन रंगात आलं की थांबते. सुट्टीत ते पुस्तक कोण उचलतं ते बघायचं. यापेक्षा स्वस्त कार्यक्रम मला ठाऊक नाही, आणि हाच लोकांना नको असतो, कारण याचा बॅनर लागत नाही.

घरची बोली वेगळी असेल तर याला पर्याय नाही. कोलामी आणि माडिया गोंडी या द्राविडी कुळातल्या, मेळघाटातली कोरकू तर मुंडा कुळातली. त्या मुलांसाठी मराठी ही घरातल्या बोलीचं ‘शुद्ध रूप’ नाही, ती सरळ दुसरी भाषा आहे. मराठी कानावरून गेलीच नसेल तर डोळ्यांना ती कशी उमगणार? आधी ऐकू द्या, चित्रावर त्यांच्या भाषेत बोलू द्या. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत गोष्ट सांगणाऱ्या पोराला मध्येच ‘असं नाही, असं म्हण’ म्हणू नका. गोष्ट तिथंच संपते.

थोडक्यात काही

देवघेवीचा वार आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नका.

चित्रांची पुस्तकं सहावीच्या मुलानं मागितली तर ‘हे पहिलीचं आहे’ म्हणून हिसकावू नका. कोरोनाच्या काळात पहिली-दुसरी बुडालेली पोरं आता वरच्या वर्गांत आहेत.

फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते आणि उचकटताना कागदही घेऊन निघते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, ओल्या पाल्यानं बुरशी येते. रॅक भिंतीपासून वीतभर दूर.

पहिल्याच महिन्यात दशांश वर्गीकरण (विषयवार आकडे देणं), बारकोड, क्यूआर कोड असले उद्योग करू नका. दोनशे पुस्तकांना कसलं वर्गीकरण? नव्या माणसांना आधी लेबलं छापायची घाई असते. आधी पोरांच्या हातात पुस्तक जाऊ द्या, लेबलं पावसाळ्यात सावकाश लावू.

मार्चअखेरची खरेदी

समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या निकषांत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी ५,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते हातात येईपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, आणि नेमका तेव्हाच गठ्ठे घेऊन विक्रेता दारात उभा. बारीक टाइपातली थोर पुरुषांची चरित्रं, सुविचारसंग्रह, निबंधमाला. बिल तयार, कमिशन भरघोस. घेऊ नका. त्या गठ्ठ्यात मुलानं दुसऱ्यांदा मागावं असं क्वचितच काही निघतं.

मी वर्षभर सुतळीला एक वही लटकवून ठेवते. कुठलं पुस्तक हवं ते मुलांनी लिहायचं. भूत, साप, कबड्डी, ट्रॅक्टर, वाघ, यांच्यापलीकडे यादी फारशी जात नाही आणि जाण्याची गरजही नाही. खरेदीच्या वेळी ती वही समोर ठेवून प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्या सूच्या पाहायच्या. पन्नास-साठ रुपयांचं एक पुस्तक धरलं तर पाच हजारांत ऐंशी ते शंभर पुस्तकं येतात. पुढच्या मार्चपर्यंत पुरतात.

पैसे आलेच नाहीत तरी हात बांधलेले नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत, परवाना खुला आहे, उतरवून छापता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. तालुक्याला नेटवर्कमध्ये असताना फोनवर उतरवून घ्या, गावात येऊन रेंज शोधत बसू नका. मात्र पोरांच्या हातात टॅब देऊन ‘ई-ग्रंथालय झालं’ म्हणू नका. चार्जिंग संपतं, आणि संपेपर्यंत पोरं गेमच खेळतात.

उन्हाळ्यात सगळं जमा करून घेणं

विदर्भात शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी भरते. म्हणजे भरदुपारी पंचेचाळीस अंशांत घरात कोंडलेली पोरं, वेळच वेळ, आणि पुस्तकं ‘वर्षअखेर जमा’ या शिक्क्याखाली बंद. मोजणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरका आणि सुट्टीआधी प्रत्येकाला तीन-चार पुस्तकं देऊन टाका. उरलेल्यांचं एक खोकं अंगणवाडी ताईकडे किंवा ज्या घरी पोरं दुपारी जमतात तिथं ठेवा, सोबत वही आणि सुतळीला बांधलेला पेन. गडचिरोली-गोंदियाकडे पोरं मोहाला जातात, तेंदूपत्त्याला जातात, तेव्हा खोकं सकाळी उघडून उपयोग नाही, दुपारचीच वेळ ठरवा. परत येताना काही पुस्तकांवर डाग असतील, दोन-चार येणारच नाहीत. न आलेल्या पुस्तकांची नावं हरवलेल्यांच्या यादीत घाला आणि जुलैच्या सभेत मांडा.