वाफेवर चालणारी घोड्यांची चक्री: आधी बॉयलर, मग रंग

जुनी चक्री विकत घ्यायला आलेला माणूस सर्वांत आधी लाकडी घोड्याच्या मानेवरून हात फिरवतो. घोडा देखणा असतो, त्याच्या मानेवर झिजलेल्या अक्षरांत त्याचे नाव रंगवलेले असते, आणि तेवढ्यावरच सौदा मनातल्या मनात ठरून जातो. वास्तविक वाफेच्या चक्रीची किंमत, तिच्या दुरुस्तीचा खर्च आणि पुढे ती विकली जाईल की नाही, हे तिन्ही प्रश्न बॉयलरच्या पोटात ठरतात. म्हणून या लेखात घोड्याकडे शेवटी जाऊ.

रामटेकच्या यात्रेत किंवा ताजबागच्या उरुसात आपण पाहिलेली चक्री आधी माणसाच्या आणि पुढे डिझेल इंजिनाच्या बळावर फिरली. वाफेची चक्री मुळात इंग्लंडची. तेथील नॉरफक परगण्यात किंग्ज लिन या गावी शेतीची यंत्रे बनवणारे फ्रेडरिक सॅव्हेज (१८२८–१८९७) यांनी तिला यंत्र म्हणून पक्के रूप दिले. १८८० च्या दशकात घोडे नुसते गोल न फिरता वर-खाली दौडू लागले आणि त्या चक्रीला ‘गॅलपर्स’ हे नाव पडले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ टोनावांडा येथे ॲलन हर्शेल यांनी १८८३ मध्ये वाफेची चक्री बाजारात आणली. या दोन घराण्यांतला एक फरक खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडतो. ब्रिटिश चक्री वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे घोड्याची डावी बाजू प्रेक्षकांकडे येते आणि कोरीवकाम व सजावट त्याच बाजूला अधिक असते. अमेरिकन चक्री उलट फिरते, म्हणून तिथे उजवी बाजू सजलेली असते. ‘अस्सल ब्रिटिश’ म्हणून दाखवलेल्या घोड्याची उजवी बाजू जास्त नटलेली दिसली, तर विक्रेत्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

वाफेच्या चक्रीच्या दुरुस्तीचे काम नागपुरात का जमावे, असे कोणी विचारले तर मला त्यात काहीच नवल वाटत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये येथे सुरू झाली आणि विदर्भभर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाफेवर चालले, त्यामुळे बॉयलर ओळखणारे हात या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. मोतीबागेतील नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात जाऊन वाफेच्या इंजिनाभोवती तासभर फिरावे; फायरबॉक्स (आग पेटवायची पेटी) कुठे संपतो आणि धुराची पेटी कुठे सुरू होते, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजते. आणि तान्हा पोळ्यासाठी लाकडी बैल घडवणारे कारागीर ज्या शहरात आहेत, तिथे लाकडी घोड्याचा तुटलेला कान कोरायला परगावी जाण्याचे कारण नाही.

यंत्राची रचना आधी समजून घ्यावी. चक्रीच्या मधोमध चाकांवर उभा असलेला गाडा असतो आणि त्याच्यावर बॉयलर व दोन सिलिंडरचे इंजिन बसवलेले असते. इंजिनाची गती तिरप्या दात्यांच्या चक्रांतून एका उभ्या दांड्याला मिळते, तो दांडा वरच्या मोठ्या दातेरी कड्याला फिरवतो आणि छत्रीच्या काड्यांसारखे पसरलेले आडवे वासे त्यासोबत फिरू लागतात. या वाशांच्या लगत वळणदार क्रँक असतात. त्यांच्या टोकाची छोटी दातेरी चाके मध्यभागी स्थिर असलेल्या चाकावर फिरतात, म्हणून क्रँक फिरतो आणि त्याला पितळी दांडीने लटकलेला घोडा वर-खाली होतो. बाजा, म्हणजे चक्रीसोबतचे यांत्रिक वाद्य, वाजवण्यासाठी बहुधा वेगळे छोटे इंजिन असते.

आता बॉयलर. भारतात २५ लिटरहून अधिक क्षमतेचे आणि दाबाखाली वाफ तयार करणारे भांडे कायद्याने बॉयलर ठरते, आणि चक्रीचा बॉयलर ही मर्यादा सहज ओलांडतो. १९२३ चा कायदा जाऊन त्याच्या जागी बॉयलर अधिनियम, २०२५ हा १ मे २०२५ पासून लागू झाला आहे. बांधणीचे आणि तपासणीचे नियम मात्र तुम्हाला कारागिरांच्या तोंडी ‘आयबीआर’ म्हणूनच ऐकू येतील, म्हणजे १९५० ची भारतीय बॉयलर विनियमावली. नोंदणी, वार्षिक प्रमाणपत्र, आणि कोणतीही मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी लेखी मंजुरी, या तीन गोष्टी राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडून घ्याव्या लागतात. परदेशातून आलेल्या शंभर वर्षांच्या बॉयलरचे मूळ नकाशे आणि पत्र्याच्या दर्जाचे दाखले सहसा नसतात; तेव्हा पैसे मोजण्यापूर्वीच निरीक्षकांशी बोलून, हा बॉयलर नोंदणीला पात्र ठरेल की नवा बांधून घ्यावा लागेल, हे विचारावे. सौदा झाल्यावर हा प्रश्न विचारणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांना देण्यासारखे चांगले उत्तर माझ्याकडे कधीच नव्हते.

तपासणीसाठी बॉयलरवरचे आच्छादन पूर्ण काढावे लागते. हे सांगताना माझीच चूक सांगतो. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातून मी एक छोटे फिरते वाफेचे इंजिन आणले आणि उत्साहाच्या भरात आधी बाहेरून घासून, हिरवा रंग देऊन, पितळी पट्ट्या चकचकीत करून घेतल्या. दोन महिन्यांनी पट्ट्या सोडवून आच्छादन काढले, तेव्हा खालच्या अंगाला पत्रा इतका खाल्लेला निघाला की हातोडीच्या हलक्या ठोक्यानेही तिथे खळगा पडत होता. रंगाचे पैसे गेले आणि पट्ट्यांवर नव्याने ओरखडे आले, ते निराळेच. आच्छादन काढतानाची एक सूचना मात्र अत्यंत गंभीर आहे: जुन्या बॉयलरभोवतीचा पांढरट, तंतुमय लेप ॲस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता दाट असते. तो कोरडा खरवडू नये, झाडूने लोटू नये, आणि त्याच्या विल्हेवाटीसाठी अशा कामाची सवय असलेली माणसेच बोलवावीत.

पत्रा उघडा पडला की जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घ्यावी. मोजमाप चार ठिकाणी घेऊन थांबू नये. खडूने पत्र्यावर चौकोन आखून प्रत्येक चौकोनात आकडा लिहावा, म्हणजे झीज कुठे दाटली आहे हे नकाशासारखे दिसते. सर्वांत जास्त झीज फायरबॉक्सच्या तळाशी, जिथे गाळ साचतो तिथे सापडते. त्यानंतर फायरबॉक्सच्या दोन भिंतींना जोडणाऱ्या सळयांकडे, म्हणजे स्टेंकडे वळावे. एक जण आतून धरतो, दुसरा बाहेरून प्रत्येक स्टेच्या टोकावर लहान हातोडी मारतो. शाबूत स्टे स्वच्छ वाजतो आणि तुटलेला बोदा, दबका. कान तयार व्हायला वेळ लागतो, पण दहा-वीस ठोक्यांनंतर फरक नवख्यालाही कळतो. नळ्यांची टोके, त्या ज्या पत्र्यात बसतात त्या ट्यूबप्लेटमधील भोकांच्या मधल्या भिंती आणि रिव्हेटच्या ओळी भिंगाखाली पाहाव्यात. नळ्या बदलणे हा नेहमीचा खर्च आहे, त्याने घाबरू नये. ट्यूबप्लेटला तडा असेल तर मात्र घाबरावे.

पाण्याच्या दाबाची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट घेतात. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे काही फुटलेच तर दाब क्षणात उतरतो; वाफेचे तसे नाही. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाला तिचे आकारमान सुमारे सोळाशे पट होते, आणि दाबाखाली तापलेले पाणी एकदम मोकळे झाले तर काय होईल, याचा अंदाज यावरून यावा. म्हणून चाचणीपूर्वी आतली सगळी हवा बाहेर काढावी आणि वाफेची पहिली चाचणी निरीक्षकांच्या सूचनेखेरीज घेऊ नये. सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि फायरबॉक्सच्या छतातील शिशाचा प्लग यांत काटकसर करू नये. पाणी खाली गेले की हा प्लग वितळून वाफ आगीवर सोडतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, यातच त्याचे सारे शहाणपण आहे. जुन्या प्लगमध्ये कोणीतरी भलताच धातू भरून ठेवलेला आढळतो, तेव्हा तो न तपासता परत बसवू नये.

आपल्याकडील बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने बॉयलरमध्ये थर लवकर धरतो, त्यामुळे मृदू केलेले पाणी वापरावे आणि ठरावीक तासांनी आतला गाळ सोडून द्यावा. कोळशाचेही तसेच आहे. उमरेड-कामठीचा कोळसा हाताशी असला, तरी त्यात राख बरीच असते, आणि हे बॉयलर कमी राखेच्या ब्रिटिश कोळशाला धरून बांधलेले होते. आगीखालच्या जाळीच्या सळयांमधील फट वाढवावी लागते का, हे पहिल्या आठवड्यातच कळते.

इंजिनाच्या भागाविषयी थोडक्यात. सिलिंडर उघडून पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हची सरकती बाजू पाहावी, ग्लँडचे, म्हणजे दांडा सिलिंडरमधून बाहेर येतो तिथले, पॅकिंग नवे करावे, आणि व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची बेअरिंगे झिजली असतील तर पुन्हा ओतून, उंचवटे दाखवणारा निळा रंग (ब्ल्यू) लावून खरवडत बसवावीत. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत हे करणारी वर्कशॉप मिळतात. दातेरी चक्रांचे मात्र बारकाईने पाहावे. एक दात तुटलेले बिडाचे चाक वेल्डिंग करून चालवण्याचा मोह टाळावा, कारण वर फिरणाऱ्या चाकाचा तुकडा खाली बसलेल्या मुलांवर पडतो. त्याचा साचा करून नवे ओतून घ्यावे.

लाकूडकामाला नागपूरचे हवामान हाच मुख्य शत्रू आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लाकूड आकसते. जुलैत तेच लाकूड फुगते. जुने घोडे अखंड लाकडाचे नसतात, फळ्या सरसाने चिकटवून आतून पोकळ ठेवलेले असतात, त्यामुळे सांधे पोटाखाली उघडतात. सांध्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. पाय बदलायचा असेल तर लोक लकडगंजातून सरळ सागवान आणतात, कारण सागवान म्हणजे उत्तम अशी आपली समजूत पक्की असते. परंतु हे घोडे पाइनसारख्या हलक्या लाकडाचे असतात आणि क्रँकवरचा भार त्या हिशेबाने बसवलेला असतो. शिवणीचे लाकूड हलके असते, कोरायला मऊ असते आणि आपल्याच जंगलात मिळते. एका बैल घडवणाऱ्या कारागिराने घोड्याचा खूर माझ्यासमोर कोरला, तेव्हा मी मोजमापाचा कागद पुढे केला. त्याने तो बाजूला ठेवून शाबूत खुरावर बोटे फिरवली आणि तेवढ्या अंदाजाने पटाशी उचलली. नवा खूर कोणता हे आज मलाही उलटा करून पाहावे लागते, कारण आतल्या बाजूला मी तारीख लिहून ठेवली आहे. तशी तारीख प्रत्येक नव्या तुकड्यावर लिहावी.

रंग खरवडण्यापूर्वी घोड्याच्या झाकलेल्या भागावर, म्हणजे खोगिराखाली किंवा पोटाशी, टपाल तिकिटाएवढा चौकोन निवडून थर एकेक करून उघडावेत आणि प्रत्येक थराचा फोटो घ्यावा. मूळ रंग बहुधा याच चौकोनात सापडतो. जुन्या रंगांत शिसे असते, म्हणून ओल्या पॉलिश पेपरने घासावे, तोंडाला योग्य मास्क लावावा आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नये. सोनेरी काम सोन्याच्या वर्खाचेच करावे. सोनेरी पावडर पहिल्या दिवशी झळकते आणि पुढे काळवंडते. वर्ख लावताना पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवावे लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावे. बाज्याच्या दुरुस्तीत मी पडत नाही. पुठ्ठ्याच्या भोकांच्या पट्ट्यांवर वाजणारे, गाविओली या वाद्य बनवणाऱ्या घराण्याचे वाद्य हाती आले, तर त्याला कोरड्या खोलीत, वाळवी आणि उंदरांपासून दूर ठेवून जाणत्या माणसाची वाट पाहावी.

विक्रीच्या वेळी अर्धवट रंगवलेल्या चक्रीपेक्षा न रंगवलेली पण कागदपत्रे पूर्ण असलेली चक्री चांगला भाव घेते. ग्राहकाला बॉयलरची नोंदणी आणि चालू प्रमाणपत्र, जाडीच्या मोजमापांचा तक्ता, बदललेल्या भागांची यादी, दुरुस्तीआधीचे फोटो, एकूण वजन आणि किती ट्रक लागतील याचा आकडा द्यावा. थंड बॉयलर पेटवण्यापासून चक्री पूर्ण गतीने फिरेपर्यंतचा, मध्ये न कापलेला व्हिडिओ कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलतो. काय नवे आहे ते स्वतःहून सांगावे. जाणकार ग्राहक ते नाहीतरी शोधतोच आणि मग उरलेल्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. घोडे सुटे विकून जास्त पैसे मिळवण्याचा सल्लाही मिळेल. अमेरिकेत अशाच हिशेबाने कितीतरी चक्र्या मोडल्या आणि घोडे दिवाणखान्यांत गेले. कायदा तुम्हाला अडवणार नाही, पण मी अशा विक्रीला हात लावत नाही.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर पुरावशेष व कलावस्तू अधिनियम, १९७२ लक्षात ठेवावा. पुरावशेष ठरलेली वस्तू देशाबाहेर विकता येत नाही, आणि ती तशी नाही याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. देशातल्या देशात विकताना बॉयलरचे चालू प्रमाणपत्र नव्या मालकाच्या हाती सोपवणे ही विकणाऱ्याचीच जबाबदारी असते. लोकांना बसवून चक्री फिरवायची असेल, तर पाळण्याच्या सुरक्षिततेची आणि मैदानाची परवानगी निराळी लागते, हेही नव्या मालकाला आधीच सांगावे.

सुटे करताना प्रत्येक वासा, क्रँक आणि दांडी यांवर ठिपके ठोकून क्रमांक द्यावा. कागदी चिठ्ठ्या पहिल्या पावसात गळून पडतात. बॉयलर, पंप आणि इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन) यांतले पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून तोट्या उघड्याच ठेवाव्यात. आपल्याकडे थोडे पाणी आत राहिले तरी गोठून बिघडत नाही, पण ग्राहक सिमल्याचा निघाला, तर पंपात राहिलेले वाटीभर पाणी जानेवारीच्या एका रात्रीत गोठून बिडाचे ओतीव काम उभे चिरते.