खात नाही म्हणून नवं पाकीट आणण्याआधी

गणपतीत आणि मे महिन्यात लोक गावाला निघाले की त्यांचे कुत्रे माझ्याकडे राहायला येतात. मुलुंड पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची फरशी घातलेली जागा, एवढंच आहे माझ्याकडे. एका वेळी चारांपेक्षा जास्त मी घेत नाही. अकरा वर्षं झाली. सोडायला आलेला माणूस पिशवीतून पट्टा काढतो, चादर काढतो, औषधं काढतो आणि शेवटी जरा संकोचून म्हणतो, "ताई, खाण्याचे फार नखरे आहेत हो याचे." मग अर्धवट संपलेली तीन-चार पाकिटं बाहेर येतात. एक चिकनचं, एक लँबचं, एक कुणीतरी परदेशातून आणलेलं.

त्या पाकिटांवरूनच त्या घरात काय झालंय ते मला कळतं. दोन दिवस खाल्लं, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं, घरचे घाबरले, नवीन आणलं. आपण खायचं थांबलो की आणखी चांगलं काहीतरी येतं, एवढं कुत्र्याने बरोबर ओळखलं. म्हणून 'कुठलं डॉग फूड चांगलं?' असं कुणी विचारलं की मी लगेच नाव सांगत नाही. कुत्रा बरा आहे ना आणि दिवसभरात त्याच्या पोटात काय काय जातं, हे आधी बघायला सांगते. पाकीट त्यानंतर.

पाकिटातले कोरडे दाणे सोडतो, पण उकडलेलं अंडं दाखवलं की उडी मारतो, चालणं-खेळणं, शी-शू सगळं रोजच्यासारखं आहे, तर ते नखरे. अंडंही हुंगून सोडलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला तर तो आजारी आहे. वाटीकडे धावतो, तोंडात घास घेतो आणि खाली टाकतो, तर दात-हिरड्या दाखवून घ्या. मोठ्या, म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याने चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठायचा. पिल्लासाठी, त्यातही छोट्या जातीच्या, एवढीही वाट बघू नका. त्यांची साखर पटकन उतरते. आणि माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री खाणं सोडून पाणीच पाणी प्यायला लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी चिंगी, नाक्यावरून उचलून आणलेली, एका ऑगस्टमध्ये खाईना. घरात तीन पाहुणे कुत्रे होते, मला वाटलं रुसली. दोन दिवस मी तिला कलेजी उकडून घाल, दही-भात कालवून घाल, असं करत बसले. तिसऱ्या दिवशी सहज ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, म्हणून टॅक्सी करून परळला प्राण्यांच्या बैलघोडा हॉस्पिटलला नेलं. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप निघाला. ती वाचली, पण ते दोन दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत. तेव्हापासून कुणी 'खात नाही' म्हटलं की माझा हात आधी कुत्र्याच्या ओठाकडे जातो. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबली की पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. पुष्कळ कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा.

आता पोटात काय जातं ते. इथे मला गोलूचं सांगायचंय. गोलू म्हणजे पाच वर्षांचा शित्झू, वजन सहा किलो, नसबंदी झालेला. घरात आजी-आजोबा धरून सहा माणसं आणि सगळ्यांची एकच तक्रार: गोलू जेवत नाही. मी त्यांना सांगितलं, तीन दिवस कुणीही काहीही दिलं तरी कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. पान माझ्याकडे आलं तेव्हा चौकोनात जागा उरली नव्हती. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं. साडेनऊला आजींकडून तूप लावलेली अर्धी पोळी. दुपारी चीजचा क्यूब, कारण त्यात गोळी लपवून द्यायची सवय होती. गोळ्यांचा कोर्स संपून दोन महिने झाले होते, क्यूब चालूच. संध्याकाळी नातीच्या सँडविचच्या कडा.

हिशेब सोपा आहे. कुत्र्याच्या किलोतल्या वजनाला ३० ने गुणायचं आणि ७० मिळवायचे. गोलूचे १८० अधिक ७०, म्हणजे २५०. शरीर नुसतं चालू ठेवायला एवढ्या कॅलरी लागतात. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी या आकड्याला १.४ ते १.६ ने गुणा. ३५० ते ४०० येतात. आता कालनिर्णयचा चौकोन मांडा. बिस्किटांच्या ५०, पोळी-तुपाच्या १००, चीजच्या ७५-८०, कडांच्या साधारण ६०. झाल्या २९० च्या आसपास. दाण्यांसाठी पोटात जागा होती ती फार तर शंभरेक कॅलरींची, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, मूठभर. आणि गोलू रोज रात्री तेवढे मूठभर दाणे खात होता! त्याचं काहीच चुकत नव्हतं. जेवणाशिवायचं वरचं खाणं सगळं धरून दिवसाच्या कॅलरींचा दहावा हिस्सा, याहून जास्त नको. गोलूसाठी तो हिस्सा म्हणजे अर्धं उकडलेलं अंडं.

हे दोन्ही तपासून झालं की मग दुकानात जा. पाकीट हातात घेतलं की आधी मागची बाजू वाचा.

पहिल्यांदा 'कंप्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द शोधा आणि ते कुठल्या वयासाठी आहे ते बघा. याचा अर्थ, फक्त एवढंच खाऊन कुत्र्याचं पोषण पुरं होतं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते तोंडीलावणं आहे, जेवण नाही. ग्रेव्हीच्या पाकिटांत दोन्ही प्रकार मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. नखरेल कुत्र्यांच्या घरी नेमका इथे घोळ होतो, महिनोन्महिने कुत्रा तोंडीलावण्यावर जगतो. बऱ्याच कंपन्या आफ्को या अमेरिकन संस्थेची मानकं धरतात. त्यानुसार पाणी वगळून मोजलं तर मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात प्रथिनं किमान १८ टक्के आणि स्निग्धांश ५.५ टक्के हवा; वाढत्या पिल्लासाठी २२.५ आणि ८.५.

'पाणी वगळून' हे महत्त्वाचं. ग्रेव्हीवर प्रोटीन ८ टक्के आणि दाण्यांवर २४ टक्के वाचून लोक ग्रेव्ही खाली ठेवतात. ग्रेव्हीत ८० टक्के पाणी असेल तर उरलेल्या २० भागांत ८ प्रथिनं, म्हणजे ४० टक्के झाली. दाण्यांत पाणी १० टक्के धरलं तर ९० त २४, म्हणजे २७ टक्क्यांच्या आत. आर्द्रतेचा आकडा पाकिटावर असतो, फोनवर भागाकार करायचा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ते वजन पाण्यासकट धरलेलं असतं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे 'चिकन' पहिलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. पुढे मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन असे एकाच धान्याचे तीन तुकडे दिसले तर मनात त्यांची बेरीज करा. 'चिकन मील' म्हणजे पाणी आणि चरबी काढून दळलेलं चिकन. चांगल्या कंपनीचं असेल तर त्यात वाईट काही नाही. आणि 'ग्रेन-फ्री' म्हणून जास्त पैसे मोजायची गरज मला कधी पटली नाही. धान्याऐवजी वाटाणा-मसूर भरलेल्या अशा खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये सुरू केली. ठाम निष्कर्ष निघालेला नाही, पण धान्याची ॲलर्जी नसलेल्या कुत्र्याचा भात-ओट्स का काढून घ्यायचा?

नखरेल कुत्र्यासाठी मी आणखी दाण्याचा आकार बघते. शित्झू, पग यांच्या चपट्या तोंडाला मोठे गोल दाणे उचलता येत नाहीत. ते जिभेने ढकलत राहतात आणि आपण म्हणतो, आवडलं नाही. कंपनी न बदलता लहान दाण्यांचं पाकीट आणलं आणि प्रश्न मिटला, असं माझ्याकडे तीनदा झालंय.

वासाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण मुंबईत निम्मा प्रश्न तोच आहे. कुत्रा चवीआधी वासावर ठरवतो. दाण्यांवर बाहेरून चरबीचा आणि चवीचा फवारा मारलेला असतो. हवा लागली की आधी तोच बिघडतो. एका जुलैमध्ये एका दुकानातून मी उघड्या गोणीतले सुटे दाणे किलोवर आणले, स्वस्त पडले म्हणून. एकाही कुत्र्याने तोंड लावलं नाही. मी वर चिकनचं पाणी ओतलं, तेव्हा दोघांनी खाल्लं आणि रात्री दोघांनाही उलट्या झाल्या. सकाळी मी मूठभर दाणे वाटीत घेतले, गरम पाणी घातलं, ताटली झाकली आणि पाच मिनिटांनी उघडून नाक जवळ नेलं. खवट खोबऱ्याचा वास! आमटीत पडलं तर पहिल्या घासाला कळतं ना, तस्साच. कुत्रे पहिल्यापासून खरं सांगत होते, मी ऐकलं नव्हतं. दुकानदाराला वाटीच नेऊन दाखवली, तर म्हणाला, पावसाळ्यात असं होतं.

तेव्हापासून सुटं बंद. मोठं पाकीट किलोमागे स्वस्त पडतं, तरी महिन्याभरात संपेल एवढंच घ्यायचं. दाणे डब्यात ओतायचे नाहीत. पाकिटाची हवा काढून, तोंड दुमडून, चिमटा लावून पाकीटच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. बॅच नंबर आणि तारीखही त्यावरच राहते. डबा गॅसच्या शेजारी किंवा खिडकीत नको. आणि वाढायच्या आधी वाटीत गरम पाणी घालून वासाची परीक्षा करून बघा, विशेषतः जून ते सप्टेंबर.

चांगल्या दाण्यांवरही कोमट पाणी शिंपडून दोन मिनिटं ठेवलं तर वास खुलतो. ग्रेव्ही असेल तर फ्रिजमधून काढून थेट घालू नका, अंगाच्या उबेएवढी होऊ द्या. मेच्या उकाड्यात भूक मुळातच कमी होते. सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर वाढा.

नवीन खाणं सात ते दहा दिवसांत बदलायचं: आधी पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. भांडं ठरलेल्या वेळी खाली ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी काही न बोलता उचलायचं, मधे काही नाही. पाणी कायम समोर. निरोगी मोठा कुत्रा एखाद-दोन जेवणं सोडतो आणि मग खातो. पिल्लू, म्हातारा, मधुमेहाचा किंवा औषधावरचा कुत्रा असेल तर ही रीत वापरू नका. आणि भांड्याशी बसून 'खा ना रे राजा' करू नका. हे घरच्यांना सगळ्यात जड जातं, मला माहीत आहे.

घरचंच घालायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की नुसता चिकन-भात पुरेसा नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. वाढत्या पिल्लाची हाडं त्यावर ठिसूळ होतात. डॉक्टरांकडून प्रमाण आणि पूरक पावडर लिहून घ्या. आपल्या रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, म्हणून रस्सा, आमटी, बिर्याणीचा भात काही नाही. द्राक्षं आणि बेदाणे तर मुळीच नाहीत. शिजवलेलं हाड नाही. वर घालायला उकडलेला लाल भोपळा चांगला, काटे नीट काढलेला उकडलेला बांगडा चांगला. कलेजी आठवड्यातून एकदा, चमचाभर.

गोलूच्या आजींना हे सगळं पटलं, पण त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या हातचं त्याने काहीच खायचं नाही का?" त्यांचा जीव तुटत होता आणि त्यात गैर काहीच नव्हतं. मग मी गोलूचे दिवसाचे दाणे वजनकाट्यावर मोजले, ९० ग्रॅम, आणि स्टीलच्या छोट्या डब्यात घालून दिले. दोन वेळचं जेवण त्यातून, आणि चहाच्या वेळी आजोबांना, पोळ्या लाटताना आजींना, शाळेतून आल्यावर नातीला द्यावंसं वाटलं तर तेही त्यातूनच, चार-चार दाणे. आजी आता सकाळी डबा भरतात आणि रात्री रिकामा डबा बाकीच्या भांड्यांबरोबर घासायला टाकतात.