पावावरची मेंढी आणि तिच्या दुधातलं फॅट

दिवाळी उलटली की मुंबईच्या आसपासचं रानगवत बघता बघता पिवळं पडतं. मग गोठ्यात बेकरीतला शिळा पाव गोणीगोणीने यायला लागतो. स्वस्त पडतो, मेंढ्याही तुटून पडतात. इथे दुधासाठी मेंढी पाळणारे मोजकेच, पण कोकरं तेच दूध पितात आणि उरलेलं घरात चहाला जातं.

मेंढीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के फॅट असतं. डेअरीतलं यंत्र आकडा दाखवतं, त्या फॅटमध्ये आहे काय ते दाखवत नाही. ते ठरतं चाऱ्यावर. हिरव्या पाल्यात ओमेगा-३ गटातलं लिनोलेनिक आम्ल असतं. कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू त्यातलं बरंचसं संपृक्त करून टाकतात, पण त्या वाटेवर व्हॅक्सेनिक आम्ल तयार होतं आणि कासेत त्यातून सीएलए (कॉन्ज्युगेटेड लिनोलिक आम्ल, दुधातलं चांगलं मानलं जाणारं एक फॅट) बनतं. पावासारखा पिठूळ खुराक वाढला की कोठीपोट आंबतं, जिवाणू वेगळ्याच वाटेला लागतात आणि सीएलए घटतं.

रंगावर मात्र जाऊ नका. गवतावरच्या गाईचं तूप पिवळं दिसतं. मेंढी कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, त्यामुळे तिचं दूध कायम पांढरंच. त्यापेक्षा तूप कढवून वाटीत ठेवा आणि सकाळी बोट लावून बघा. हिरव्यावरच्या मेंढीचं तूप सहसा मऊ लागतं, सुक्यावरच्या मेंढीचं घट्ट.

पाव बंदच करा असं मी म्हणत नाही, ते कुणाला परवडणारही नाही. मोठ्या मेंढीला दिवसाला दोन-तीन पाव पुरे, तेही आधी गवत खाऊ घालून. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो पाव फेकायचा. वाशीच्या बाजारात या दिवसांत मटारची टरफलं आणि मुळा-गाजराचा पाला मिळतो. तो आणा, थोडा थोडा वाढवत न्या, एकदम दिलात तर पोट फुगेल. जुड्यांचे रबर मात्र एकेक करून काढा, मेंढी ते पाल्याबरोबर गिळते. फ्लॉवर-कोबीचा पाला धार काढून झाल्यावरच घाला, नाहीतर दुधाला वास येतो. सांडपाण्यावर वाढलेलं नाल्याकाठचं गवत कितीही हिरवं दिसलं तरी नको.

हिरवं अगदीच मिळेना तर जवस भरडून द्या, त्यातही तेच लिनोलेनिक आम्ल असतं. मेंढीमागे १५-२० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि दोन आठवड्यांत ५० ग्रॅमपर्यंत जा. त्यापुढे नको, जास्त तेलाने कोठीपोटाचं काम मंदावतं. भरडा कोरडाच द्या, भिजत घालू नका, आणि लागेल तेवढाच भरडा. ठेवला की खवट होतो.

जाता जाता एक. तबेल्यातून म्हशीचं खनिज मिश्रण मागून आणून मेंढ्यांना घालू नका. त्यातलं तांबं म्हशीला सोसतं, मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस ती लाल लघवी करून आडवी होते.