एनएमएमएस : पोरगी पात्र झाली, मग पैसे कुठं अडले?

एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की एखादे पालक पेढे घेऊन शाळेत येतात. “गुरुजी, पोरगी पात्र झाली!” पेढा तोंडात असतानाच त्यांना सांगावं लागतं, की पात्र होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. आठवीच्या या परीक्षेत दोन्ही पेपर मिळून 180 पैकी 72 गुण, म्हणजे 40 टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट 32 टक्के. पण महाराष्ट्राचा कोटा 11,682 शिष्यवृत्त्यांचा आणि निवड गुणवत्तेनुसार. त्यामुळे ‘पासापुरते’ गुण धरून अभ्यास करणं ही पहिली चूक.

दुसरी चूक गणिताच्या हट्टाची. दोन पेपरांपैकी शालेय क्षमता चाचणीच्या 90 प्रश्नांत विज्ञानाचे 35, इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचे 35 आणि गणिताचे फक्त 20. तरी क्लास लावतात तो गणिताचाच! चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

अर्ज भरण्याआधी पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे का आणि सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50) आहेत का, ते पाहा. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा नाही.

खरी गळती मात्र निवडीनंतर होते. वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी. पण ते आपोआप येत नाहीत. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. माझ्या एका विद्यार्थिनीचं नाव आधारवर एक आणि शाळेच्या नोंदीत दुसरं. ते जुळवण्यात मुदत हुकली. म्हणून आठवीतच आधार दुरुस्त करा, मुलाच्या नावाचं खातं उघडा, ते आधारशी जोडा. आणि फक्त अर्ज ‘सबमिट’ करून थांबू नका. शाळेनं, मग जिल्ह्यानं पडताळणी केली का, हे पोर्टलवर बघत राहा. एकदा ‘त्रुटी’ म्हणून परत आलेला अर्ज महिनाभर कुणी उघडलाच नव्हता.

शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला दहावीला 60 टक्के हवेतच (अनुसूचित जाती-जमातींना 55). दहावीनंतर डिप्लोमाला गेलात, तर शिष्यवृत्ती थांबते.

पात्र, पण यादीत नाव नाही, आणि मूल मराठा-कुणबी समाजातलं असेल, तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची वर्षाला 9,600 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. गुणपत्रक फाईलला लावण्याआधी शाळेत तेवढं विचारून घ्या.